आडवाटेची गाडी ओळखावी कशी?

पक्षिनिरीक्षकांची एक चांगली सवय असते. समोरच्या पक्ष्याचे नाव ठाऊक नसले तरी ते आधी त्याची चोच आणि पाय पाहतात. बगळ्याचे लांब पाय उथळ पाण्यात उभे राहण्यासाठी, सुतार पक्ष्याची छिन्नीसारखी चोच झाडाचे खोड टोचण्यासाठी. अवयव पाहिला की पक्षी कोठे राहतो आणि काय खातो याचा अंदाज बांधता येतो.

विद्यार्थिमित्रहो, मोटारगाड्यांचेही असेच निरीक्षण करता येते. जगभर अनेक तरुण हा छंद जोपासतात. वाळू, बर्फ, चिखल आणि खडक यांतून धावण्यासाठी बांधलेल्या शक्तिमान गाड्या हा त्यांचा आवडीचा विषय. अशा गाड्या मुळात थोड्याच निघतात. शिवाय मालक आपल्या गरजेप्रमाणे त्यांत फेरफार करून घेतात, त्यामुळे दोन गाड्या अगदी सारख्या क्वचितच आढळतात.

या लेखात आपण गाड्यांची नावे पाठ करणार नाही. गाडी दिसली की दोन प्रश्न विचारायला शिकणार आहोत. पहिला प्रश्न : हा बदल कशासाठी केला? दुसरा प्रश्न : त्याची भरपाई कोठे करावी लागली? दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. तो न विचारता केलेला बदल जिवावरही बेतू शकतो.

चाकांपासून सुरुवात

इटलीच्या लँबोर्गिनी कंपनीने १९८६ मध्ये ‘एलएम ००२’ नावाची गाडी बाजारात आणली. शर्यतीच्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या ‘काउंटॅक’ या गाडीचे बारा सिलिंडरांचे, ५.२ लिटरचे इंजिन या अवजड गाडीत बसवले होते. १९९३ पर्यंत अशा जेमतेम तीनशेच्या आसपास गाड्या तयार झाल्या. ती ओळखण्याची एक खूण म्हणजे इंजिनाला जागा देण्यासाठी बॉनेटवर आलेला मोठा उंचवटा. दुसरी खूण तिचे टायर. पिरेली कंपनीने ते या गाडीसाठी मुद्दाम बनवले होते आणि त्यांची रुंदी ३४.५ सेंटिमीटर होती. वाळवंटात एवढे रुंद टायर कशाला हवेत?

याचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे : दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. समजा, एका गाडीचे वजन २,४०० किलोग्रॅम आहे. प्रत्येक चाकावर ६०० किलोग्रॅम भार आला. पेट्रोल पंपावर आपण ‘तीस पौंड हवा भरा’ म्हणतो, तो दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोग्रॅम असतो. म्हणजे ६०० किलोग्रॅम तोलण्यासाठी टायरचा सुमारे २८५ चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकेल. एका लहानशा वहीच्या पानाएवढाच!

आता हवा ४ पौंडांपर्यंत कमी केली तर? दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.२८ किलोग्रॅम होईल आणि टेकणारा भाग दोन हजार चौरस सेंटिमीटरांच्या पुढे जाईल. टायरच्या जाड भिंतीही थोडा भार उचलतात, म्हणून प्रत्यक्षातले आकडे थोडे निराळे येतात. पण दिशा हीच. आता तुलना करा. ६० किलोग्रॅम वजनाचा माणूस चालताना एका पावलावर येतो. पावलाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर धरले, तर त्याचा दाब ०.३ किलोग्रॅम भरतो. म्हणजे अडीच टनांच्या घरातली गाडी जमिनीला चालत्या माणसापेक्षा अधिक दाबत नाही!

हा हिशेब सर्वात हुशारीने वापरला आहे तो आइसलँडच्या लोकांनी. तेथे हिमनद्या ओलांडायच्या असतात. तेथील मालक साध्या जीपगाड्यांना ३८ ते ४४ इंच व्यासाचे टायर लावतात. ते मावावेत म्हणून चाकांवरच्या कमानी कापून रुंद करतात आणि भुसभुशीत बर्फावर हवा तीन-चार पौंडांपर्यंत उतरवतात. ‘आर्क्टिक ट्रक्स’ या तेथील संस्थेने अशा रीतीने तयार केलेल्या टोयोटा हायलक्स गाडीतून २००७ मध्ये ब्रिटिश दूरदर्शनचे एक पथक गोठलेल्या समुद्रावरून उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या १९९६ सालच्या स्थानापर्यंत पोहोचले होते.

आता दुसरा प्रश्न. मऊ टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि पुन्हा फुगतो. या सततच्या वाकण्यामुळे रबर तापते. बर्फावर सावकाश जाताना ते चालते. पण तसाच टायर डांबरी रस्त्यावर वेगाने पळवला तर उष्णतेने फुटू शकतो. म्हणून अशा गाडीत हवा भरण्याचा पंप असतोच. पंप नसलेली गाडी दिसली, तर तिचे मोठे टायर बहुधा शोभेचे आहेत असे समजायला हरकत नाही.

मोठ्या चाकाचे उपद्व्याप

मोठे चाक बसवले की आणखी दोन गोष्टी बिघडतात. समजा, मूळ चाकाचा व्यास २९ इंच होता आणि आता तो ३८ इंच झाला. एका फेऱ्यात गाडी पूर्वीच्या १.३१ पट अंतर जाते. पण वेगमापक बिचारा फेरेच मोजतो! काटा ताशी ६० किलोमीटर दाखवतो, तेव्हा गाडी प्रत्यक्षात ताशी सुमारे ७९ किलोमीटर वेगाने धावत असते.

दुसरे असे, की चाकाला मिळणारा पीळ, म्हणजेच टॉर्क, तोच राहतो, पण त्रिज्या वाढते. त्यामुळे जमिनीला मागे रेटणारे बल मूळच्या ७६ टक्के उरते. ब्रेकची गतही तीच. म्हणून जाणता मालक आसातील दातेरी चाकांचे प्रमाण बदलतो, वेगमापक दुरुस्त करून घेतो आणि ब्रेक वाढवतो. हे बाहेरून दिसत नाही. मालकाला नम्रपणे विचारावे लागते. त्याच्या उत्तरावरून गाडीइतकीच मालकाचीही ओळख पटते.

आता खाली वाकून पाहा

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत आल्बर्ट फ्रीडरिख या अभियंत्याने शेतकामासाठी एक गाडी कल्पिली. १९४६ मध्ये तिचा पहिला नमुना तयार झाला. तिचे नाव उनिमोग. तिच्या दोन चाकांमधले अंतर बटाट्याच्या दोन सऱ्यांना जुळेल असे १,२७० मिलिमीटर ठेवले होते. शेतात जन्मलेली ही गाडी पुढे सैन्यात, अग्निशमन दलांत आणि वाळवंटातील शर्यतींतही गेली.

उनिमोगच्या खाली वाकून पाहिले, की तिचा आस चाकाच्या मध्यापेक्षा वर दिसतो. नेहमीच्या गाडीत आस चाकांच्या मध्यांना सरळ जोडतो आणि त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा लोंबतो. खडकाला आधी लागतो तो हाच गोळा. उनिमोगमध्ये आस वर घेऊन चाकाजवळच्या दातेरी चाकांतून गती खाली उतरवली आहे. याला पोर्टल आस म्हणतात. टायर न वाढवताही पोटाखाली जागा मिळते. शिवाय ही दातेरी चाके पिळाचा जोरही वाढवतात. मर्सिडीज कंपनीने २०१३ मध्ये सहा चाकांची ‘जी ६३ एएमजी ६×६’ ही गाडी काढली. तिच्यातही पोर्टल आस होते, आणि चालकाला बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करता येई. अशा शंभरहून थोड्याच अधिक गाड्या बनल्या. भरपाई? अधिक वजन, अधिक दातेरी चाके म्हणजे अधिक घर्षण, आणि गुरुत्वमध्य वर.

त्या गाडीत डिफरन्शियलची तब्बल पाच कुलुपे होती. हे कुलूप कशासाठी? गाडी वळताना बाहेरच्या चाकाला अधिक अंतर जावे लागते. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर पूर्ण वर्तुळाकार फेरीत बाहेरचे चाक सुमारे ९.४ मीटर अधिक चालते. गंमत म्हणजे वर्तुळ लहान असो की मोठे, हा फरक तेवढाच राहतो. का, ते परिघाचे सूत्र मांडून स्वतः पाहा. हा फरक सांभाळण्यासाठी डिफरन्शियल असते. ते दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. पण एक चाक हवेत लटकले, की त्याला फिरायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तितकाच नगण्य जोर मिळतो. एक चाक गरागरा फिरते आणि गाडी जागची हलत नाही! कुलूप लावले की दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात आणि गाडी निघते. मात्र डांबरी रस्त्यावर कुलूप लावून वळले, तर चाक घासटते आणि सुकाणू जड होते.

गोव्यात २०१४ पासून काही वर्षे भर पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही स्पर्धा झाली. तेथील निसरड्या तांबड्या चिखलात या कुलपांची चांगलीच परीक्षा होत असे.

रुंदी आणि उंची

अमेरिकेतील फोर्ड कंपनीची ‘रॅप्टर’ ही वाळवंटात वेगाने धावणारी गाडी ओळखण्याची खूण मजेदार आहे. समोरच्या जाळीत तीन लहान पिवळसर दिवे असतात. ते शोभेसाठी नाहीत. ८० इंच, म्हणजे सुमारे २०३ सेंटिमीटर, किंवा त्याहून रुंद वाहनाला असे दिवे लावावेत असा अमेरिकेत नियम आहे. पुढे अनेकांनी अरुंद गाड्यांनाही नुसते दिवे लावून घेतले. म्हणून निरीक्षकाने दिवे पाहून थांबू नये, रुंदीही पाहावी. रुंदीमुळेच तर गाडी स्थिर राहते.

ही स्थिरता मोजणे सोपे आहे. दोन चाकांमधले अंतर गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागा. अंतर १५० सेंटिमीटर आणि उंची ७० सेंटिमीटर असेल, तर गुणोत्तर १.०७ येते. आता मालकाने उंच स्प्रिंगा आणि मोठे टायर लावून गुरुत्वमध्य १५ सेंटिमीटर वर नेला, तर तेच गुणोत्तर ०.८८ होते.

या दोन आकड्यांमधला फरक लहान वाटतो ना? नीट पाहा. वळणावर गाडीला बाहेर फेकू पाहणारे बल वजनाच्या जितके पट झाले की ती उलटू लागते, तो आकडा म्हणजे हे गुणोत्तर. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड वजनाच्या साधारण ०.८ ते ०.९ पट असते. मूळ गाडीच्या बाबतीत १.०७ पर्यंत पोहोचण्याआधीच पकड सुटते आणि ती घसरते. घसरणे वाईटच, पण चालकाला सावरायला क्षणभर मिळतो. उंच केलेली गाडी मात्र पकड सुटायच्या आतच कलंडू शकते. स्प्रिंगांमुळे वळणावर गाडी झुकते, तेव्हा प्रत्यक्षातली स्थिती याहूनही नाजूक असते. पंधरा सेंटिमीटरांनी ‘घसरणारी’ गाडी ‘उलटणारी’ झाली!

नाकातून श्वास, पण पोहणे नाही

काही गाड्यांच्या काचेशेजारून छतापर्यंत एक नळी गेलेली दिसते. तिला स्नॉर्केल म्हणतात. आपल्याकडील फोर्स गुरखा या गाडीवरही ती कारखान्यातूनच बसवून येते. इंजिनाला हवा वरून मिळावी हा तिचा हेतू. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. म्हणून सिलिंडरात पाणी शिरले तर दट्ट्या मध्येच अडतो आणि त्याचा दांडा वाकतो. धुळीच्या प्रदेशातही वरची हवा अधिक स्वच्छ मिळते.

मात्र नळी आहे म्हणून पुरात गाडी घालणे घातक आहे. येथे आर्किमिडीज आडवा येतो. गाडीच्या तळाचे क्षेत्रफळ ६ चौरस मीटर धरा. पाणी तळाच्या वर १० सेंटिमीटर चढले, की ०.६ घनमीटर पाणी बाजूला सारले जाते आणि ६०० किलोग्रॅमची उचल मिळते. ३० सेंटिमीटरला ती १,८०० किलोग्रॅम होते. आत पाणी शिरलेले नसेल, तर दोन टनांच्या गाडीच्या चाकांवर केवळ २०० किलोग्रॅम भार उरतो. पकड गेली! मग प्रवाह तिला कागदाच्या होडीसारखी बाजूला ढकलतो. पावसाळ्यात आपल्याकडे पुलांवरून पाणी वाहते, तेव्हा हा हिशेब आठवा, आणि घरच्या मोठ्यांनाही सांगा.

आपल्या देशात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये गाडीच्या मूळ तपशिलात मनास येईल तसा बदल करता येत नाही. हे कलम का आहे, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

स्वतः करून पाहा

खडूची रिकामी पेटी घ्या. तळाशी ओल्या मातीचा गोळा चिकटवा. एका फळीवर बारीक पट्टी ठोकून पेटी तिच्या कडेला टेकवून ठेवा, म्हणजे ती घसरणार नाही. पट्टीकडची बाजू खाली राहील अशा रीतीने फळी हळूहळू तिरपी करा आणि पेटी कोणत्या कोनाला कलंडते ते कोनमापकाने मोजा. नंतर तोच गोळा पेटीच्या वरच्या बाजूला लावून पुन्हा मोजा. वजन तेच, पेटी तीच. कोन मात्र बदललेला दिसेल.

मग एका वहीत चार रकाने आखा : गाडी, दिसलेला बदल, त्याचा हेतू, त्याची भरपाई. रस्त्यात वेगळी गाडी दिसली की सुरक्षित अंतरावरून पाहा आणि रकाने भरा. पहिले तीन लवकर भरतील. चौथा रिकामा राहिला, तर समजा की निरीक्षण अजून पुरे झालेले नाही.