एफ-टू दाबून बघा

संपादकांनी विषय दिला, ‘बारामती-इंदापूरच्या प्रयोगशाळांतलं संगणकीय गणित : एक आढावा’. आढावा म्हटला की पंगतीत सगळ्यांना सारखं वाढावं लागतं. ते माझ्याच्याने होणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. उभा जन्म नीरा डाव्या कालव्यावरच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेला. त्या पानावर वाढताना हात सैल सुटणारच.

मोजमाप या भागात कारखान्यांपेक्षा जुनं आहे. कालवा १८८५ चा. पाण्यामागून जमिनींत खार आला आणि १९१० साली डॉ. हॅरल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर मुंबई शेतीखात्याची पुस्तिका काढली. पुढे वालचंदनगर उभं राहिलं, मग माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, आणि नंतर बिजवडी, शहाजीनगर. हंगामात कारखान्यांच्या लॅबमध्ये तिन्ही पाळ्यांत रसाचा ब्रिक्स (विरघळलेला एकूण घनभाग) आणि पोल (त्यातली साखर) काढणं चालू असतं.

मी लागलो तेव्हा लॅबमध्ये एक फॅसिट यंत्र होतं. हँडल फिरवलं की खडखड करत गुणाकार व्हायचा. बाकी सगळा भार लॉग टेबलवर आणि श्मिट्झच्या तक्त्यावर. ब्रिक्स १६, पोलॅरिमीटरचं वाचन ५६, तर तक्त्यात बोट सरकवत पोल १३.६७ च्या आसपास आणायचा आणि शुद्धता ८५.४ लिहायची. रात्रपाळीत डोळा लागला की बोट एक ओळ खाली घसरायचं आणि सकाळी चीफ केमिस्टसमोर उभं राहावं लागायचं. त्या काळाचे गोडवे गाणारे माझ्या वयाचे लोक पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही. चुका तेव्हाही होत होत्या, पण चूक कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता यायचं.

मग संगणक आला, आणि त्यावर स्प्रेडशीट. व्हिसिकॅल्क १९७९ चं आणि लोटस वन-टू-थ्री १९८३ चं. आमच्या टेबलावर लोटस पोचायला आणखी बरीच वर्षं गेली. काळा पडदा, दोन फ्लॉप्या, माउस नाही. स्लॅशची कळ दाबली की वर मेनू उघडायचा. लोडशेडिंगच्या भीतीने दर पाच मिनिटांनी स्लॅश-एफ-एस दाबायची अशी सवय लागली, की घरी हिशेबाच्या वहीतही बोटं तशी हलायची. आठ उन्हाळे, म्हणजे कारखाना बंद असतानाचे महिने, मी लोटसच्या चौकटींत घालवले. पोल, शुद्धता, बगॅसमधला तोटा, प्रेसमडमधला तोटा, मळीतला तोटा आणि शेवटी सगळ्या केमिस्टांची झोप उडवणारा तो ‘अनडिटरमाइंड लॉस’.

लोटसने मला जे शिकवलं ते कुठल्या वर्गात शिकलो नव्हतो. साखरेच्या वसुलीचं एस-जे-एम सूत्र पाठ सगळ्यांनाच असतं. पण चौकटीत रसाची शुद्धता ८२, मळीची ३२ आणि साखरेची १०० टाकली की बॉयलिंग हाउसची अपेक्षित वसुली ८९.६७ टक्के दिसायची. मळीची ३२ खोडून ३१ टाकली की डोळ्यांदेखत ९०.१४. मळीच्या शुद्धतेचा एक पॉइंट म्हणजे जवळजवळ अर्धा टक्का साखर, हे पॅनवाल्याला वीस वर्षं सांगून पटत नव्हतं. त्याला खुर्चीत बसवून आकडा स्वतःच्या हाताने बदलायला लावला, तेव्हा एका दुपारीत पटलं. आणि कुणाला शंका आली तर एफ-टू दाबायचं. आकड्यामागचं सूत्र पडद्यावर उघडं. माझ्या मते पन्नास वर्षांत लॅबच्या टेबलावर आलेल्या सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये याहून मोठी गोष्ट नाही.

एक्सेल आलं तेव्हा एफ-टू जागच्या जागी राहिलं, म्हणून मी आनंदाने तिकडे गेलो. खोडी दोघांतही होती. लोटसने १९०० साल लीप धरलं होतं आणि जुन्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक जाणूनबुजून उचलली. आजही एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० उजाडतो! पडद्यावर दोन दशांश स्थळं आणि पोटात पंधरा अंक, त्यामुळे दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज शेवटच्या स्थळात जुळत नाही. ऑडिटरशी माझं यावरून दोनदा वाजलं. पण उघड्यावरची खोड सांभाळून घेता येते.

इथे माझं काही विद्वानांशी भांडण आहे. नावं घेत नाही, ते ओळखतील. त्यांचं म्हणणं असं, की स्प्रेडशीट म्हणजे हौशी लोकांचा खेळ. कारखान्याने एकच मोठी तयार प्रणाली घ्यावी, काट्यापासून लॅबपर्यंत सगळं तिच्यात. काट्याचं, बिलांचं, गोदामाचं त्यात घाला, माझी हरकत नाही. लॅबचं गणित मात्र बंद डब्यात घालू नका. का, ते सांगतो.

एका हंगामात आमच्याकडे असाच तयार प्रोग्रॅम बसवला होता. मार्च उजाडला आणि दुपारच्या पाळीत रसाची शुद्धता चार-पाच पॉइंटांनी पडू लागली. रात्रपाळीत मात्र ठीक. सगळ्यांनी खापर शिळ्या उसावर फोडलं. उन्हात ऊस पडून राहतो, शुद्धता जाणारच. तोडणीवाल्यांना बोलणी बसली, शेतकी खात्याला नोटिसा गेल्या. मला रात्रपाळीचं कोडं सुटेना, कारण शिळा ऊस घड्याळ बघून शिळा होत नाही. शेवटी एका दुपारी कागद-पेन्सिल घेऊन हाताने गणित केलं, तर शुद्धता चांगली निघाली. नवा रिफ्रॅक्टोमीटर तापमानाची दुरुस्ती स्वतःच करत होता आणि प्रोग्रॅम तीच दुरुस्ती पुन्हा जोडत होता. तेहतीस अंशांना हा फरक जवळजवळ एक ब्रिक्स. १६ च्या जागी १७ धरला की त्याच ५६ वाचनाला शुद्धता ८५ वरून ८० वर येते. प्रोग्रॅम देणाऱ्यांकडे सूत्र मागितलं, तर उत्तर आलं की ते गोपनीय आहे. माझ्या सहीखालचा आकडा, आणि तो कसा निघाला हे मलाच गोपनीय!

शेतीच्या प्रयोगांची गोष्ट याहून बरी. तिथे पाया आपल्याच माणसांनी घातला. पानसे आणि सुखात्मे यांचं शेती संशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं इंग्रजी पुस्तक १९५४ चं. सुखात्मे तर साताऱ्याकडच्या बुधचे. नीरेपलीकडच्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रापासून बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रापर्यंत कुठेही जा, प्लॉटचे आकडे हातात पडले की पहिला प्रश्न, “सीडी काढली का?” सीडी म्हणजे क्रिटिकल डिफरन्स, फरक खरा की योगायोगाचा ते सांगणारा आकडा. ती काढायला आधी कॅल्क्युलेटर, मग मिशिगनचं एमस्टॅट-सी, मग हिसारचं ऑपस्टॅट. माळेगाव खुर्दला २००९ मध्ये अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आली, तोवर जगभर ‘आर’चा बोलबाला झाला होता. ऑकलंडच्या दोन प्राध्यापकांनी सुरू केलेली ही भाषा फुकट आहे आणि आतून उघडी आहे. म्हणून मला ती आवडते. शिकायला मात्र कडू.

महाविद्यालयांबद्दल थोडक्यात. तिथे टर्बो-सी आलं, गेलं. महागडी मापन-सॉफ्टवेअर प्रात्यक्षिकापुरती उघडली गेली. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राने ‘एक्स्पआइज’ नावाचा, हातावर मावणारा स्वस्त डबा काढला. तो संगणकाला जोडा, व्होल्टेज मोजा, आलेख काढा, आणि त्याचा पायथन प्रोग्रॅम खुला. आयआयटी मुंबईने सायलॅबचे धडे मराठीतही उपलब्ध केले. किती पोरांनी ते ऐकले, हा प्रश्न मी बारामतीतल्या एका वर्गात विचारला होता. एकही हात वर आला नाही.

आता तर पोलॅरिमीटर स्वतःच आकडा संगणकात पाठवतो. उत्तम आहे, नकलताना होणारी चूक टळली. पण परवा एका तरुण केमिस्टला विचारलं, नॉर्मल वेट २६ ग्रॅमच का? तो म्हणाला, “सर, सॉफ्टवेअरमध्ये सेट आहे.” पोरगा हुशार, पदवी माझ्याहून मोठी. दोष त्याचा नाही, त्याला कुणी चौकट उघडून दाखवलीच नाही. आणि हे दशांश काही शोभेचे नाहीत. २०२५-२६ च्या हंगामाचा एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. म्हणजे टनाला ३४.६० रुपये. उतारा पोत्यांवरून ठरतो हे खरं, पण साखर कुठे गळाली ते लॅबचाच आकडा सांगतो.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा कारखान्यांत मोळीपूजनाची तयारी चालू असेल. लॅबमधल्या तरुण मित्रांना एकच विनंती आहे. गव्हाणीत मोळी पडण्याआधी, मागच्या हंगामातला कुठलाही एक दिवस घ्या आणि त्याचा पूर्ण ताळेबंद कागदावर हाताने करा. संगणकाशी जुळला तर निर्धास्त सही करा. जुळला नाही तर एफ-टू दाबून आत बघा. आणि एफ-टू दाबून काहीच उघडत नसेल, तर त्या आकड्याखाली सही करू नका.