घर काळीत, पाया मुरमात

उसाचे बिल हाती आले की बरेचजण घराचे काढतात. जिंतूर भागात लागणीच्या नोंदीसाठी फिरताना आम्हाला नव्या भिंतींना तिरप्या भेगा दिसतात. गवंड्याला बोल लावण्याआधी जमीन बघावी. उसाला मानवणारी काळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरची भिंत तिच्यासंगे हलते.

तेव्हा पायाचा चर अमुक फूट असे आधीच ठरवू नये. घट्ट मुरूम लागेस्तोवर खणावे. मुरूम फारच खोल असेल तर इंजिनिअरला विचारावे. बुडाशी फुगीर असे काँक्रीटचे खांब अशाच जमिनीसाठी घालतात. चरातली काळी जोत्यात परत भरू नये, शेतात टाकावी. तिथे ती सोनेच आहे! भराव मुरमाचा, वीतभर थराचा, पाणी मारून धुमसाने ठोकलेला हवा. न्हाणीचे पाणी, वळचण आणि उसाचा पाट पायापासून लांब ठेवावा.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली हजारो माणसे गेली. म्हणून जोत्यावर सळईची काँक्रीट पट्टी सलग फिरवावी, तिथे काटकसर नको. चर उन्हाळ्यात खणून मिरगाआधी जोते भरून घ्यावे.