धांवणाऱ्याचा जोडा



शाळेचे वार्षिक सामने जवळ येऊं लागले म्हणजे एक प्रश्न मला दरवर्षीं हटकून विचारला जातो: "सर, धांवण्यासाठीं कोणता जोडा घ्यावा?" विद्यार्थी हा प्रश्न उत्साहानें विचारतात, त्यांचे वडील तोच प्रश्न काळजीनें विचारतात, कारण चांगल्या जोड्याची किंमत कित्येक घरांत महिन्याच्या किराण्याइतकी असते. या प्रश्नाचें उत्तर मी पुष्कळ वर्षें मोठ्या खात्रीनें देत असें. तें उत्तर बरोबर नव्हतें, हें मला एका विद्यार्थ्याच्या दुखऱ्या पायानें शिकविलें. तो धडा तुमच्यापुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम पायाचा विचार करूं. आपल्या एका पावलांत २६ हाडें व ३३ सांधे असून स्नायूंनीं व बळकट तंतूंनीं तीं एकत्र बांधून ठेविलीं आहेत. धांवतांना पाऊल भूमीवर पडतें तेव्हां शरीराच्या वजनाच्या सुमारें दुप्पट ते तिप्पट भार त्याजवर येतो. म्हणजे ४५ किलो वजनाच्या मुलाच्या एका पावलावर ९० ते १३५ किलोंचा भार पडला. एक पाऊल एक मीटरचें धरलें तर ५ किलोमीटरच्या धांवेंत ५,००० पावलें पडतात, व प्रत्येक पायाच्या वांट्यास २,५०० आघात येतात. चालतांना जाणवतही नाहीं अशी जोड्याची टोंचणी इतक्या वेळां घडली म्हणजे तिचा फोड होतो. अंगठा पुढें आपटत राहिला म्हणजे नख काळें पडतें. आणि संवय नसलेल्या हाडांवर व स्नायूंवर असा भार रोज पडत गेला म्हणजे नडगी, टांच किंवा गुडघा दुखूं लागतो. धांवणाऱ्यांच्या बहुतेक दुखापती एका क्षणांत होत नाहींत; त्या अशा थेंबाथेंबानें साठत जातात.

आतां माझी चूक सांगतों. पाय ओला करून फरशीवर उमटवावा व त्या ठशावरून जोडा ठरवावा, असा एक नियम बरींच वर्षें प्रचारांत होता. तळव्याचा मधला भाग पूर्ण उमटला तर पाय सपाट, त्यास आंतल्या बाजूनें कठीण आधार असलेला जोडा द्यावा. मधला भाग मुळींच उमटला नाहीं तर पायाची कमान उंच, त्यास मऊ जोडा द्यावा. नियम सुबोध होता, शास्त्रीय वाटत होता, आणि मी तो फळ्यावर आकृति काढून शिकवीत असें.

इयत्ता नववींतील एका मुलाचा ठसा असाच पूर्ण उमटला. तो साध्या कापडी बुटांत रोज धांवत असे व त्यास कसलाही त्रास नव्हता. तरी मीं त्याच्या वडिलांस कठीण आधाराचा महाग जोडा घ्यावयास सांगितलें. वडील रोजंदारीवर काम करणारे. त्यांनीं उसनवारी करून तो घेतला. जोडा आला म्हणून मीं मुलाचें रोजचें अंतरही एकदम दुप्पट केलें. "सर, जोडा बोंचतो," असें तो दोनदां म्हणाला. "संवय होईल," असें मीं दोनदां उत्तर दिलें. तिसऱ्या आठवड्यांत त्याची नडगी इतकी दुखूं लागली कीं जिना उतरणें कठीण झालें. सामन्यांच्या दिवशीं तो मैदानाच्या कडेस कडुलिंबाखालीं इतर मुलांचे कपडे सांभाळीत बसला होता.

त्यानंतर मीं या विषयाचें वाचन केलें, तेव्हां असें कळलें कीं अमेरिकेच्या लष्करांत नवशिक्या सैनिकांवर हाच नियम पूर्वींच कसोटीस लावण्यांत आला होता. एका गटास तळव्याच्या आकाराप्रमाणें निरनिराळे जोडे दिले; दुसऱ्या गटास आकार न पाहतां सरसकट एकाच प्रकारचे दिले. भूदलांतील निष्कर्ष २००९ मध्यें व विमानदळ आणि मरीन दल यांतील २०१० मध्यें प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांच्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. पुढें २०२२ मध्यें कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षेंत अशा १२ चांचण्यांचा एकत्र विचार झाला. अमुक जातीचा जोडा दुखापत टाळतो असें छातीठोकपणें सांगण्याजोगा पुरावा तींतही मिळाला नाहीं.

मग जोडा कसाही घेतला तरी चालेल काय? तसें नव्हे. कॅनडांतील कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग व त्यांचे सहकारी यांनीं २०१५ मध्यें असें मत मांडलें कीं, धांवणाऱ्यानें जोडा आपल्या पायास सुखकर वाटतो कीं नाहीं याच खुणेवर विसंबून निवड करावी. हें मत अद्यापि पुरतें सिद्ध झालेलें नाहीं. तथापि ठशाहून व जाहिरातीहून तें अधिक समंजस आहे. ज्याचें जळतें त्यालाच कळतें. माझ्या विद्यार्थ्यास कळत होतें, मीं ऐकलें नाहीं.

इथियोपियाचा अबेबे बिकिला यानें १९६० सालीं रोम येथील ऑलिंपिक सामन्यांत ४२ किलोमीटर १९५ मीटरची मॅरेथॉन अनवाणी धांवून जिंकली. त्याच्या पायास नीट बसेल असा जोडा मिळाला नाहीं, व अनवाणी धांवण्याची त्यास संवय होती. चार वर्षांनीं टोकियो येथें तोच बिकिला मोजे व जोडा घालून धांवला आणि पुनः पहिला आला. दोन्ही वेळां त्याची वेळ तोंवरच्या जगांतील सर्वोत्तम ठरली. यावरून अनवाणी धांवावें असेंही निघत नाहीं व जोडा घालावाच असेंही निघत नाहीं. पायास न मानवणारा जोडा घालण्याची सक्ति त्यानें स्वतःवर करून घेतली नाहीं, एवढेंच आपण घ्यावें.

आतां निवडीची रीत. दुकानांत सायंकाळीं जावें, कारण दिवसभरांत पाय किंचित् फुगतो व धांवतांनाही तसाच फुगतो. धांवतांना घालावयाचे मोजे बरोबर न्यावेत. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. म्हणून दोन्हींचें माप घेऊन मोठ्या पायास जोडा जुळवावा. उभें राहून पाहिलें असतां सर्वांत लांब बोटापुढें अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. हें बोट कित्येकांच्या बाबतींत अंगठ्याशेजारचें असतें. बोटें आंत मोकळेपणीं हललीं पाहिजेत, पण टांच वर निसटतां कामा नये. जोडा वांकवून पाहावा. जेथें आपलीं बोटें दुमडतात तेथेंच तो वांकावा, मध्यभागीं नव्हे. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनें त्याची रेघ काढावी व जोडा तीवर ठेवावा. रेघ बाहेर डोकावत असेल तर तो जोडा आपला नव्हे. शेवटीं दुकानासमोर थोडें धांवून पाहावें. तेथें जो बोंचतो तो पुढें सुखावेल या आशेवर पैसे देऊं नयेत.

येथें पालकांस एक विनंति. वाढत्या अंगाचा सदरा शिवावा हें शहाणपण आहे. परंतु वाढत्या पायाचा म्हणून दोन अंक मोठा जोडा घेऊं नये. त्यांत पाय पुढेंमागें घसरतो, फोड येतात, व मूल अडखळून पडतें. थोरल्या भावाचा झिजलेला जोडा धाकट्यास देणें हेंही तितकेंच वाईट, कारण तो भावाच्या चालीप्रमाणें झिजलेला असतो. सामान्यतः ५०० ते ८०० किलोमीटर धांवल्यावर जोड्याचा आंतील मऊपणा कमी होतो. वरून तो नवा दिसला तरी तळ एका बाजूस झिजला कीं काय तें पाहावें. नवा जोडा शर्यतीच्या दिवशीं प्रथमच घालूं नये. आधीं कांहीं दिवस थोडें थोडें धांवून तो पायाशीं परिचित करावा.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं. अंतर व वेग हळूहळू वाढवावे, मधून विश्रांतीचा दिवस ठेवावा. हाडाच्या एकाच जागीं बोट ठेवतां येईल असें दुखणें राहिलें तर धांवणें थांबवून डॉक्टरांस दाखवावें. पायांतली वहाण पायांतच बरी, अशी आपल्याकडे म्हण आहे. जोड्याचा अधिकारही तेवढाच मानावा. पायाचा शहाणपणा त्याच्या हवालीं करूं नये.

तो मुलगा पुढील वर्षीं पुनः धांवला. या वेळीं जोडा त्यानें स्वतः निवडला. दुकानासमोरच्या गल्लींत तो तीन जोडे घालून धांवला आणि सर्वांत स्वस्त होता तोच त्यास सुखकर वाटला. शर्यतींत तो चौथा आला. बक्षीस मिळालें नाहीं, पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो शाळेचा जिना दोन दोन पायऱ्या टाकीत उतरतांना मीं पाहिला.