शाळेच्या वेळेतले आजारपण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्राथमिक शाळेत मुलाला अचानक काही झाले, तर पहिली पाच-दहा मिनिटे त्याच्याजवळ डॉक्टर नसतो. असतात त्या वर्गशिक्षिका, खिचडी शिजवणाऱ्या मावशी आणि शेजारी बसणारा मित्र. महाराष्ट्रातल्या बहुतेक प्राथमिक शाळांत परिचारिका नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा येऊन मुले तपासून जाते. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेले हे काम मोलाचे आहे, पण 'डॉक्टर तपासून गेले, म्हणजे शाळेला सगळे ठाऊक झाले' हा समज खरा नाही. गेल्या दिवाळीत चिक्की खाल्ल्यावर मुलाचे ओठ सुजले होते, ही गोष्ट घरच्यांखेरीज कुणालाच माहीत नसते. पुष्कळ पालक ती मुद्दाम सांगत नाहीत. मूल 'आजारी' म्हणून वेगळे पडेल, मुलीच्या बाबतीत पुढे लग्नाला अडचण येईल, अशी धास्ती असते. या लपवण्याची किंमत मूल मोजते, कारण शिक्षकांच्या हातातली पहिली काही मिनिटे अंदाजात निघून जातात.

'अंगावर पित्त उठले आहे, आमसूल लावा'

मराठीत 'पित्त' हा शब्द दोन निराळ्या त्रासांना वापरला जातो. छातीत जळजळ आणि आंबट ढेकर हे एक पित्त; अंगावर लाल, खाजणाऱ्या गांधी उठतात ते दुसरे. पहिले जठरातल्या आम्लाचे. दुसरे शरीरात हिस्टामिन नावाचे रसायन सुटल्यामुळे येते. त्यामागे ॲलर्जी असू शकते, लहान मुलांत तर साध्या विषाणूच्या तापातही ते उठते. नाव एकच असल्यामुळे उपायही एकाच डब्यातून निघतात : आमसुलाचे पाणी चोळायचे, वर आम्लपित्ताची गोळी द्यायची. आमसुलाच्या पाण्याने थंड वाटते, अपाय काही नाही. नुसत्या गांधी असतील तर त्या बहुधा काही तासांत उतरतात.

धोका वेगळ्या ठिकाणी असतो. खाल्ल्यावर काही मिनिटांत गांधींबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, खोकला किंवा घरघर सुरू झाली, पुन्हा पुन्हा उलटी झाली किंवा मूल गळून गेले, तर ती तीव्र ॲलर्जी आहे. कधी कधी अंगावर एकही गांध नसते आणि तरीही श्वास अडकतो. अशा वेळी ॲलर्जीची गोळी किंवा सिरप देऊन वाट पाहणे ही सर्वांत मोठी चूक. ही औषधे खाज कमी करतात. घशाची सूज आणि पडणारा रक्तदाब थांबवत नाहीत. ते काम ॲड्रेनॅलीनच्या इंजेक्शनचे, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत दिलेल्या. परदेशात अशा मुलांच्या दप्तरात या औषधाचे पेनसारखे इंजेक्शन असते. भारतात ते सहज मिळत नाही. म्हणून जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका हाच मार्ग. फोनवर 'मुलाला तीव्र ॲलर्जी झाली आहे' असे स्पष्ट सांगावे. तोवर मुलाला आडवे ठेवून पाय उंच करावेत. श्वास लागत असेल तर बसू द्यावे. उठून चालत गाडीपर्यंत नेऊ नये, उचलून न्यावे. इंजेक्शननंतर बरे वाटले तरी काही तास रुग्णालयात थांबवून घेतात, कारण त्रास पुन्हा उसळू शकतो.

'थोडे थोडे खाल्ले की सवय होते' हाही घातक समज आहे. काही ॲलर्जींवर तशी उपचारपद्धती आहे, पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मोजून दिलेल्या मात्रेत चालते. वर्गातल्या डब्यावर ती करता येत नाही. शेंगदाण्याच्या ॲलर्जीच्या मुलाला कोशिंबिरीवरचे कूट बाजूला सारून देणे किंवा कुटाची उसळ वाढलेला डाव त्याच्या भातात घालणे, इतकेही त्रास उठायला पुरते. त्याचे पान आधी, स्वच्छ डावाने वाढावे. वाढदिवसाला वाटलेल्या चॉकलेटकडेही तितकेच लक्ष हवे.

दूध न सोसणे आणि दुधाची ॲलर्जी या मात्र दोन गोष्टी आहेत. पहिलीत दुधातली साखर पचत नाही, पोट फुगते, जुलाब होतात. त्रास होतो, जीव जात नाही. दुसरीत दुधातल्या प्रथिनांविरुद्ध शरीर उठते आणि वर सांगितलेले सगळे घडू शकते.

'पंपाची सवय लागते'

बाळदम्याच्या मुलाला पंप (इन्हेलर) देण्याऐवजी सिरप पाजण्याकडे पालकांचा ओढा असतो, कारण पंप म्हणजे शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही, अशी समजूत आहे. आकडे उलटे सांगतात. साल्ब्युटामॉलच्या पंपातून एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध निघते. त्याच औषधाच्या सिरपच्या ५ मिलीत २ मिलिग्रॅम असते, म्हणजे वीस दाबांइतके. सिरप पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात जाते; हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचे औषध थेट श्वासनलिकेत पोचते आणि काही मिनिटांत काम करते. त्याचे व्यसन लागत नाही.

लहान मुलाला पंप स्पेसरमधून, म्हणजे त्याला जोडायच्या पोकळ नळीतून, द्यायचा असतो. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, एकदाच दाबायचा, मुलाने चार-पाच श्वास घ्यायचे; मग पुढचा दाब. सगळे दाब एकदम दिले तर औषध नळीच्या भिंतीलाच चिकटून बसते. दम लागलेल्या मुलाला निजवू नये. ते पुढे वाकून बसलेलेच बरे. औषध देऊनही बोलताना वाक्य तुटत असेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर १०८ बोलवावी. हा पंप मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपाबंद ठेवणे म्हणजे तो नसल्यासारखाच. तो वर्गात, बाईंच्या हाताशी हवा आणि सहलीच्या दिवशी पिशवीतही हवा. वर्ग झाडताना उडणारी धूळ आणि मैदानाच्या कडेला जाळलेला पालापाचोळा यांनी दमा उठतो. झाडण्यापूर्वी पाणी शिंपडले, मुले बाहेर असताना झाडले, तर औषधाची वेळच कमी येते.

'फिट आली, कांदा आणा'

फिट बहुधा दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते. तेवढ्यात कुणीतरी कांदा फोडून किंवा चप्पल काढून नाकाशी धरलेली असते आणि श्रेय तिला जाते. वासाने मेंदूतली विजेची गडबड थांबत नाही. दातखीळ बसू नये म्हणून तोंडात चमचा घालणे तर सरळ इजा करणारे आहे : दात तुटतो, तुकडा घशात जातो. जीभ गिळली जाते हे खरे नाही.

करायचे ते इतकेच. बाक बाजूला सारावेत, डोक्याखाली दप्तर किंवा घडी केलेली सतरंजी द्यावी, झटके ओसरताच मुलाला कुशीवर वळवावे म्हणजे लाळ बाहेर गळेल. हातपाय दाबून धरू नयेत. पाणी पाजू नये. आणि घड्याळ पाहावे. फिट पाच मिनिटांवर गेली, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, मार लागला किंवा आयुष्यातली पहिलीच असेल, तर १०८. मुलाने कपडे ओले केले असतील. इतर मुलांना आधीच बाहेर नेले तर जागे झाल्यावर त्याला सगळ्या वर्गाच्या नजरांना सामोरे जावे लागत नाही. फिट संसर्गाने पसरत नाही, अंगात आलेले ते काही नसते आणि अशी बहुतेक मुले इतरांसारखीच शिकतात.

घोळणा फुटल्यावरही कांदा निघतो आणि डोके मागे धरले जाते. मागे धरलेल्या डोक्यामुळे रक्त घशात उतरते व उलटी होते. मुलाने किंचित पुढे वाकून बसावे, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे सलग चिमटीत धरावा.

'साखर बंद केली की मधुमेह सांभाळला'

लहान मुलांचा मधुमेह बहुतांशी पहिल्या प्रकारचा असतो. तो गोड खाऊन होत नाही. शरीराने इन्शुलीन बनवणेच सोडलेले असते. शाळेत अधिक भीती रक्तातली साखर एकदम उतरण्याची असते. मूल घामाघूम होते, थरथरते, विनाकारण रडते किंवा पेंगते. तेव्हा ते शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही घालू नये.

गडचिरोलीसह विदर्भ आणि नंदुरबारकडच्या आश्रमशाळांत सिकलसेल या रक्ताच्या आजाराची मुले असतात. हातपाय दुखतात म्हणून बसून राहणाऱ्या अशा मुलाला 'कामचुकार' म्हटले जाते. ते दुखणे खरे असते. आकार बदललेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. या मुलांना भरपूर पाणी, लघवीला जाण्याची मोकळीक आणि थंडीपासून जपणूक लागते. त्यांना ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

'ताप आहे, बाईंनी गोळी दिली तर काय बिघडले'

पॅरासिटामॉलचे सिरप ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचेही मिळते आणि २५० मिलिग्रॅमचेही. बाटल्या सारख्याच दिसतात. मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते : किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम. आईने सकाळी साडेनऊला पाजले आणि शाळेने अकराला पुन्हा दिले, तर चार तासांचे अंतर मोडते. म्हणून पालकांची सही असलेली चिठ्ठी, मुलाचे नाव लिहिलेली मूळ बाटली आणि दिलेल्या वेळेची वहीत नोंद, या तिन्हींशिवाय शाळेने औषध देऊ नये. दिवसातून तीनदा घ्यायचे औषध पुष्कळदा शाळेआधी, शाळेनंतर आणि झोपताना बसवता येते. डॉक्टरांना विचारले तर बाटली दप्तरात येतच नाही.

सरकारी गोळ्यांबद्दलही भीती आहे. जंतनाशक दिन १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला असतो. अल्बेंडॅझोल चावून खायची असते आणि त्या दिवशी आजारी असलेल्या मुलाला ती नंतर दिली जाते. पोटात जंत जास्त असले तर किंचित मळमळ होते, ती उतरते. पाच ते दहा वर्षांच्या मुलांची आठवड्याची गुलाबी लोहगोळी जेवणानंतर द्यावी. शौच काळे होणे निरुपद्रवी आहे. पण वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या मुलांना ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि तिचा डबा कुलपातच हवा : एकदम मूठभर गोळ्या खाल्ल्या तर लोह विषासारखे काम करते.

'कांजिण्या म्हणजे देवीचा कोप'

कांजिण्या आणि गोवर विषाणूंमुळे होतात. कडुलिंबाच्या पाल्याने आंघोळ घालायला हरकत नाही. औषध मात्र थांबवू नये आणि ॲस्पिरिन कधीही देऊ नये. कांजिण्यांचे मूल पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत संसर्ग देते. गोवराचे पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत. गालफुगीत सूज आल्यापासून पाच दिवस. तेवढे दिवस घरी राहणे हे गैरहजेरीत मोजले जाऊ नये. शंभर टक्के हजेरीचे बक्षीस तापलेल्या मुलाला वर्गात आणून बसवते, हे शाळांनी पाहायला हवे. डोळे आलेल्या मुलाकडे नुसते पाहून डोळे येत नाहीत. हात, रुमाल आणि टॉवेल यांतून येतात. आणि उवा उडी मारत नाहीत, डोक्याला डोके लागले की चालत जातात; त्यासाठी कुणाला घरी पाठवण्याचे कारण नाही, संध्याकाळी बारीक फणीने विंचरावे.