टॅब्लेट सुरू का होत नाही?

टॅब्लेट म्हणजे पाटीच्या आकाराचा संगणक. त्याला वेगळा कळफलक नसतो. काचेच्या पडद्यावर बोट ठेवले, की तो आज्ञा पाळतो. आता अनेक शाळांत असे टॅब्लेट आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते कपाटात पडून असतात. जून महिन्यात शाळा उघडते, कपाट उघडते, पण टॅब्लेट काही सुरू होत नाही. कळ दाबली तरी पडदा काळाच! लगेच कोणीतरी म्हणते, "हा बिघडला. दुरुस्तीला टाका."

थोडे थांबा. हकीमसाहेब औषध देण्याआधी रोग्याची नाडी पाहतात. आपणही आधी टॅब्लेटची नाडी पाहू या. त्याची नाडी म्हणजे बॅटरी.

टॅब्लेटमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. जपानच्या सोनी कंपनीने १९९१ मध्ये ती प्रथम बाजारात आणली. ती वजनाने हलकी असते आणि पुन्हा पुन्हा भरता येते. पूर्ण भरलेल्या घटाचा विद्युतदाब सुमारे ४.२ व्होल्ट असतो. वापरता वापरता तो कमी होतो. तो सुमारे ३ व्होल्टपर्यंत उतरला, की टॅब्लेट आपोआप बंद होतो. टॅब्लेट नुसता पडून राहिला, तरी बॅटरी थोडी थोडी उतरतच राहते. काही महिन्यांत ती अगदी तळाला जाते.

अशा बॅटरीला एकदम जोराचा प्रवाह दिला, तर तिला इजा होते. म्हणून टॅब्लेटमधील एक लहानसे मंडल तिला आधी अगदी थोडा प्रवाह देते. रोजा सोडताना आधी खजूर आणि पाणी घेतात, जेवण नंतर होते. बॅटरीचेही तसेच आहे. या वेळात पडद्यावर काहीच दिसत नाही. चार्जिंगचे चिन्हही दिसत नाही. आपल्याला वाटते, टॅब्लेट मेला. खरे तर तो हळूहळू शुद्धीवर येत असतो. म्हणून तो चार्जरला लावून निदान एक तास तसाच राहू द्यावा. दर दोन मिनिटांनी कळ दाबून पाहण्याची अनेकांना सवय असते. त्याने काम लवकर होत नाही.

चार्जरही योग्य हवा. टॅब्लेटच्या साध्या चार्जरची शक्ती साधारण १० वॅट असते. जुन्या संगणकाला तार जोडून चार्ज करायला गेलो, तर जेमतेम २.५ वॅट मिळतात. तेवढ्यावर मोठी बॅटरी फार सावकाश भरते.

तास झाला, तरी काही हालचाल नाही. मग दोष टॅब्लेटचा की चार्जरचा? तोच चार्जर आणि तीच तार दुसऱ्या एखाद्या चालू यंत्राला लावून पाहा. ते चार्ज झाले, तर चार्जर निर्दोष आहे. नाही झाले, तर आधी फक्त तार बदला, मग चार्जर. दोन्ही एकदम बदलले, तर दोष कशात होता ते कळणार नाही. तार जिथे खोचतो ती खाचही उजेडात पाहा. तिथे धूळ आणि धागे साचतात. ते कोरड्या लाकडी काडीने अलगद काढावेत. टाचणी किंवा सुई कधीही घालू नये.

कधी कधी बॅटरी भरलेली असते, पण आतील कामकाज अडकून पडते. अशा वेळी सुरू करण्याची कळ १० ते ३० सेकंद दाबून धरावी. इतका वेळ कळ दाबली, की टॅब्लेट सक्तीने बंद होऊन पुन्हा सुरू होतो. काही टॅब्लेटमध्ये तिच्याबरोबर आवाजाची कळही दाबावी लागते. गोल कळ नसलेल्या आयपॅडची रीत निराळी आहे. वरच्या कळीजवळची आवाजाची कळ दाबून लगेच सोडायची, मग आवाजाची दुसरी कळ तशीच दाबून सोडायची आणि शेवटी सफरचंदाचे चिन्ह दिसेपर्यंत वरची कळ दाबून धरायची. यामुळे आत साठवलेले काही पुसले जात नाही.

टॅब्लेटमधून आवाज येतो, पण पडदा काळा आहे, असेही घडते. अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च धरा. पुसट चित्र दिसले, तर पडद्यामागचा दिवा गेला आहे. ते काम कारागिराचे.

सर्वांत अवघड प्रसंग वेगळाच आहे. टॅब्लेट सुरू होतो, कंपनीचे चिन्ह दिसते आणि तिथेच तो अडकतो. नवी प्रणाली भरताना मध्येच बॅटरी संपली, तर असे होऊ शकते. अँड्रॉइड टॅब्लेटमध्ये काही कळा एकत्र दाबल्या, की दुरुस्तीची यादी उघडते. तिच्यात पुन्हा सुरू करण्याचा पर्याय असतो आणि सर्व माहिती पुसण्याचाही. दुसरा पर्याय निवडला, की टॅब्लेट कोरा होतो. कोणी त्यात दादीच्या आवाजातील गोष्टी साठवल्या असतील. त्यांची प्रत दुसरीकडे नसेल, तर त्या गेल्या. शिवाय पुसल्यानंतर टॅब्लेट बहुधा आधीच्या खात्याचा पासवर्ड मागतो. तो ठाऊक नसेल, तर कोरा टॅब्लेटही कामाचा नाही. म्हणून हा पर्याय ज्याचा टॅब्लेट आहे त्याला विचारूनच निवडावा.

टॅब्लेटची पाठ फुगली असेल किंवा पडदा कडेने उचलला गेला असेल, तर वरचे कोणतेही उपाय करू नयेत. आत बॅटरीत वायू साठलेला असतो. असा टॅब्लेट चार्जरला लावू नये, दाबू नये, उघडू नये. बॅटरी पेट घेऊ शकते. तो कागद-कपड्यांपासून दूर ठेवून ताबडतोब मोठ्यांना सांगावे.

पुढच्या सुट्टीपूर्वी टॅब्लेट निम्मा चार्ज करावा, पूर्ण बंद करावा आणि थंड, कोरड्या जागी ठेवावा. मधून एकदा कपाट उघडून तो पुन्हा निम्मा भरून घेतला, तर जूनमध्ये कळ दाबताच पडदा उजळेल.