परी पाहिजे, वय १२ पूर्ण!

ऑफिस लॅपटॉपमध्ये घालून घरी नेता आलं. पण दोघांनी हातात हात घालून करायचा नाच घरी कसा न्यायचा? कोविडच्या काळात बॅले कंपन्यांनी कास्टिंगची जी कसरत केली, तिची ही गोष्ट.

६ मार्च २०२०. सॅन फ्रान्सिस्कोचं वॉर मेमोरियल ऑपेरा हाउस. सॅन फ्रान्सिस्को बॅलेच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’चा शुभारंभाचा प्रयोग झाला, टाळ्या झाल्या, पडदा पडला. आणि तो परत उघडलाच नाही! शहराच्या मालकीची सभागृहं बंद करण्याचा आदेश आला होता. कित्येक आठवड्यांच्या तालमी, ढीगभर कॉस्च्युम्स आणि प्रयोग किती? एक. नशीब, त्याचं शूटिंग झालेलं होतं. तेच मग जानेवारी २०२१ मध्ये लोकांनी घरबसल्या पाहिलं.

आपल्यातल्या बऱ्याच जणांची बॅलेशी ओळख झाली तीही साधारण याच सुमारास. मुंबईतल्या दोन मुलांच्या खऱ्या आयुष्यावर बेतलेला सूनी तारापोरवाला यांचा ‘ये बॅले’ फेब्रुवारी २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला आणि महिन्याभरात आपण सगळेच घरात कोंडले गेलो. आपण काय, ओट्यावर लॅपटॉप ठेवून कॉल अटेंड करत होतो. इंग्लिश नॅशनल बॅलेची तेव्हाची प्रमुख तमारा रोहो हिनेही तेच केलं! आपल्या स्वयंपाकघरातून तिने ऑनलाइन क्लास घेतले. स्टुडिओतला बार नाही? मग ओट्याची कड धरा!

ऐकायला कूल वाटतं, पण नाचणाऱ्यांचं टेन्शन वेगळंच होतं. बॅलेचा फ्लोअर खास असतो, उडी मारली की तो थोडा दबतो. फ्लॅटमधल्या फरशीवर तशाच उड्या मारल्या तर गुडघे आणि घोटे कामातून गेलेच समजा. शिवाय खालच्या मजल्यावरचे शेजारी आहेतच! काही कंपन्यांनी डान्सर्सच्या घरी व्हिनाइलचे तुकडे पाठवले. घसरणं थांबलं, उड्या मात्र राहिल्याच.

नवरा-बायको? या, या!

खरा घोळ सुरू झाला तो परत एकत्र आल्यावर. एरवी बॅलेत एकेका मोठ्या भूमिकेसाठी दोन-तीन, कधी त्याहून जास्त डान्सर्स तयार असतात. आज ही, उद्या ती. कुणाचा पाय मुरगळला तर बदली कलाकार विंगेत उभाच. कोविडने या सिस्टिमची पार वाट लावली. कारण मुख्य डान्सर आणि तिची बदली एकाच खोलीत तालीम करणार, म्हणजे एक पॉझिटिव्ह आली की दोघी क्वारंटाइन!

म्हणून कंपन्यांनी छोटे छोटे गट पाडले. प्रत्येक गटाची वेळ वेगळी, स्टुडिओ वेगळा. मास्क लावून तालीम, दर थोड्या दिवसांनी टेस्ट. या गटातल्याने त्या गटात डोकवायचंही नाही. आणि ज्यात तो तिला उचलून डोक्यावर धरतो, ते ड्युएट? सहा फुटांचं अंतर ठेवून ते करून दाखवा बघू! यावर ठिकठिकाणी जो तोडगा निघाला तो मला फार आवडला. एका घरात राहणाऱ्या जोड्यांनाच जोडीने कास्ट करायचं. एकाच टीममध्ये नवरा-बायको नकोत म्हणणाऱ्या एचआरवाल्यांनी जरूर नोंद घ्यावी.

वयाचा दाखला आणा

पण सगळ्यात इंटरेस्टिंग किस्सा न्यूयॉर्कचा. आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत बालनाट्यांचं जे असतं, तेच तिकडे नाताळात ‘द नटक्रॅकर’चं. न्यूयॉर्क सिटी बॅले १९५४ पासून जॉर्ज बालंशीनने बसवलेला नटक्रॅकर करते. यात मुलं नुसती शोभेला नसतात. नायिका मरी आणि तिचा राजपुत्र हीच मुळात लहान मुलं. शिवाय सैनिक आहेत आणि पांढऱ्या घोळदार झग्यातल्या छोट्या छोट्या पऱ्या आहेत. मुलांचे दोन संच आलटूनपालटून काम करतात. आणि हा काही हौसेचा मामला नाही. कंपनीच्या वर्षभराच्या तिकीटविक्रीतला सुमारे ४५ टक्के वाटा एकट्या नटक्रॅकरचा. २०२० चा सीझन रद्द झाला तेव्हा किती मोठं भगदाड पडलं असेल, विचार करा.

२०२१ मध्ये काहीही करून पडदा उघडायचा होता. अट एकच, स्टेजवरच्या प्रत्येकाची लस झालेली हवी. गंमत बघा. अमेरिकेत १२ ते १५ वयाच्या मुलांना लस मिळाली मे महिन्यात. ५ ते ११ वाल्यांचा नंबर लागला थेट नोव्हेंबरच्या सुरुवातीला. दोन डोसांत तीन आठवडे, वर पूर्ण संरक्षणासाठी दोन आठवडे, म्हणजे डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडणार. शुभारंभ २६ नोव्हेंबरला, आणि तालमी तर त्याच्याही कितीतरी आधीपासून! हिशेब जमतच नव्हता. निर्णय झाला: १२ च्या आतलं कुणी नाही.

झालं! एरवी ज्या पऱ्या आठ-नऊ वर्षांच्या असतात, त्या एकदम बारा वर्षांच्या झाल्या. इथे मुलांच्या भूमिका बऱ्याचशा उंची पाहून ठरतात, कारण कॉस्च्युम ठरलेल्या मापांचे. आता ती मापंच बदलली. ज्या मुलींना ‘आता तू मोठी झालीस’ असं सांगून नटक्रॅकरमधून निरोप मिळाला असता, त्यांना अचानक आणखी एक चान्स मिळाला. आणि धाकट्यांनी सलग दुसऱ्या वर्षी घरी बसायचं. त्यांची चूक काय? वाढदिवस उशिरा आला, एवढीच.

ठरल्याप्रमाणे २६ नोव्हेंबरला पडदा उघडला. जवळजवळ महिनाभर प्रयोग झाले. मग ओमिक्रॉन आला. लस घेतलेलेही पॉझिटिव्ह निघू लागले आणि २१ डिसेंबरला कंपनीने सीझनचे उरलेले सगळे प्रयोग रद्द केले. ऐन नाताळाच्या चार दिवस आधी! त्या बारा वर्षांच्या पऱ्यांना शेवटचा प्रयोग कुठला, हे तो करताना माहीतच नव्हतं.

२०२२ मध्ये धाकटी मुलं स्टेजवर परतली. पण २०२० मध्ये जी आठ वर्षांची होती, ती तोवर दहाची झाली होती. पऱ्यांचे छोटे झगे पेटीतून पुन्हा बाहेर निघाले, ते तिच्या मागून आलेल्यांसाठी.