अर्ध्या ड्रममध्ये कागदी लिंबू

मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीतरी जणींच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. काहींचं घर भाड्याचं आहे. म्हणून फळझाड लावायचंच नाही, असं थोडंच आहे? कागदी लिंबू अर्ध्या ड्रममध्ये चांगलं येतं. मुळांना जागा कमी, म्हणून झाडही आटोपशीर राहतं. घर बदललं तर ते आपल्यासोबत येतं.

रोप कोणतं घ्यायचं?
दारावर येणारं स्वस्त रोप बहुतेक वेळा बियांचं असतं. त्याला फळ धरायला ४-५ वर्षं लागतात. गुटी कलम किंवा डोळा भरलेलं कलम २-३ वर्षांत फळावर येतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'साई सरबती' ही जात चांगली आहे. परवानाधारक रोपवाटिकेतूनच कलम घ्या आणि पावती मागून घ्या.

ड्रम कसा भरायचा?
२०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम आडवा कापला की दोघींचं काम होतं. औषधाचा किंवा केमिकलचा ड्रम मात्र नको. बुडाला बोटभर जाडीची ५-६ भोकं पाडा आणि ड्रम विटांवर ठेवा. तळाला खापऱ्या टाका. त्यावर २ घमेली माती, १ घमेलं कुजलेलं शेणखत, १ घमेलं जाड वाळू या मापाने मिश्रण भरा. नुसती काळी माती भरू नका, ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्या. जोडाखालून फुटवा आला तर लगेच काढा, तो कलमाचा नसतो. जागा दिवसभर उन्हाची हवी.

पाणी किती?
ड्रममधली झाडं जास्त करून पाण्यापायीच जातात. रोज सवयीने तांब्या ओतू नका. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी द्या, आणि खालच्या भोकांतून निथळेपर्यंत द्या. उन्हाळ्यात रोज लागेल, थंडीत ३-४ दिवसांनी. दर दोन महिन्यांनी दोन ओंजळी गांडूळखत घाला.

उन्हाळ्यात लिंबं हवीत?
लिंबू महाग होतं ते मार्च ते मे महिन्यात. त्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं यावी लागतात. याला हस्त बहार म्हणतात. शेतात पावसामुळे तेव्हा झाडाला ताण बसत नाही. आपला ड्रम मात्र दोघी-तिघींनी मिळून वळचणीखाली सरकवता येतो. झाड तीन वर्षांचं झालं की सप्टेंबरात त्याचं पाणी तोडा. पानं मलूल होऊन वळायला लागली की ड्रम उन्हात आणा, खत घाला आणि पाणी सुरू करा. पानं वाळेपर्यंत थांबू नका.

कीड
कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते. ती हाताने वेचा. पानांत नागमोडी रेघा दिसल्या तर ५० ग्रॅम निंबोळी पूड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळून फवारा.

लागवड जून-जुलैत करायची, तेव्हा पुढच्या बैठकीतच कोणाला किती कलमं हवीत ते लिहून घ्या. गटाने एकत्र आणली तर गाडीभाडं वाटून जातं. पहिली काही लिंबं घरात वापरा. झाड जोमात आलं की उरलेली गटाच्या लोणच्याला विकत द्या.